कौम, वतन आणि १७ सप्टेंबर

गेल्या वर्षीच्या १७ सप्टेंबरची गोष्ट. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असल्यामुळे सकाळीच झेंडावंदन झाले. मुलांची भाषणे झाली, चॉकलेटे वाटली गेली. मैदान रिकामे होत होते आणि मी खुर्च्या आत नेणाऱ्या पोरांवर लक्ष ठेवून उभा होतो. नववीतला एक मुलगा घुटमळत जवळ आला. आजूबाजूला कोणी नाही हे बघून त्याने हळूच विचारले, “सर, वो रझाकार अपनेच लोगां थे क्या?”

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो. बी.एड. करून आता वीस वर्षे होत आली. वर्गात कोणत्याही प्रश्नाला गडबडून जायचे नाही, एवढे तरी या नोकरीने शिकवले आहे. तरीही त्या दिवशी मी त्या मुलाला म्हणालो, “बाद में बताता बेटा, अभी कुर्सियां रख.” तो गेला. माझ्या मात्र लक्षात आले की हे ‘बाद में’ मी गेली वीस वर्षे स्वतःलाही सांगत आलो आहे.

आमचे मुरुम हे उमरगा तालुक्यातले बाजाराचे गाव. सोलापूर–हैदराबाद रस्ता इथून जवळ. कर्नाटकची हद्दही जवळच. त्यामुळे बाजारात मराठी, कानडी आणि दखनी एकाच दुकानात ऐकू येतात. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून निघाले, नळदुर्ग घेतले आणि याच रस्त्याने उमरग्याकडे सरकले. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. शाळेच्या पुस्तकात या पाच दिवसांचे नाव ‘पोलीस कारवाई’ आहे. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी मात्र ‘पुलिस अॅक्शन’ हे शब्द कालगणनेसारखे वापरले. कोणाचे वय सांगायचे तर ‘पुलिस अॅक्शन के वक्त गोद में था’, कोणाचे लग्न सांगायचे तर ‘पुलिस अॅक्शन के पैले’.

माझ्या दादीने त्या दिवसांबद्दल फार कमी सांगितले. गावातल्या एका लिंगायत घरच्या कडब्याच्या गंजीमागे त्यांनी काही रात्री काढल्या, आणि त्या घरची बाई अंधार पडल्यावर भाकरी आणून द्यायची, एवढेच. त्या घराशी आमचे येणेजाणे आजही आहे. कोणाच्या भीतीने लपला होता, असे विचारले की दादी उठून कामाला लागायची.

दुसरी बाजू मला शाळेतल्या एका सहकारी सरांनी सांगितली. त्यांचे आजोबा रझाकारांच्या भीतीने बायकापोरे घेऊन सरहद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखातल्या सोलापूर जिल्ह्यात गेले होते. परत आले तेव्हा घराला दार उरले नव्हते. हे सांगताना सरांचा आवाज चढला नाही. उलट ते माझी माफी मागितल्यासारखे बोलले. जणू त्या दाराचा हिशोब माझ्याकडे निघत होता.

मी दरवर्षी १७ सप्टेंबरला भाषण करतो. स्वामी रामानंद तीर्थ, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, सत्याग्रह, सीमेवरचे कॅम्प हे सगळे त्यात असते, आणि ते असायलाच हवे. पण खरे सांगायचे तर त्या भाषणात माझा आवाज इतरांपेक्षा थोडा मोठा असतो. आपण कोणत्या बाजूचे आहोत, हे ऐकणाऱ्याला कळावे म्हणून. त्या मुलाच्या प्रश्नाने हे उघडे पडले. म्हणून ‘आपण कोण’ या प्रश्नावर आपल्यातल्या जाणत्या माणसांनी काय म्हणून ठेवले आहे, ते मी नव्याने वाचायला घेतले.

सुरुवात भाषेपासून करतो, कारण तो माझा धंदा आहे. उर्दूत तीन शब्द आहेत: कौम, मिल्लत आणि वतन. मराठीत या तिन्हींचा अनुवाद करताना आपण सर्रास ‘राष्ट्र’, ‘समाज’ किंवा ‘धर्म’ यांपैकी जो शब्द हाताला लागेल तो लावतो. आणि ‘मुस्लिम कौम’ म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, यांचे राष्ट्रच वेगळे. हा घोळ नवा नाही. १९३८ साली याच शब्दांवरून हिंदुस्थानातली दोन मोठी माणसे समोरासमोर आली होती.

मौलाना हुसैन अहमद मदनी हे देवबंदच्या दारुल उलूमचे प्रमुख आलिम. इंग्रजांनी त्यांना त्यांच्या उस्तादांबरोबर माल्टाच्या तुरुंगात ठेवले होते. १९३८ च्या सुरुवातीला दिल्लीच्या एका सभेत ते अशा अर्थाचे बोलले की आजच्या काळात कौम वतनावरून ठरते. वर्तमानपत्रांत त्याची बातमी अशी आली की जणू मौलानांनी मिल्लतच वतनावर उभी केली. लाहोरला आजारी असलेल्या अल्लामा इक्बाल यांनी ते वाचले आणि फारसीत काही बोचऱ्या ओळी लिहिल्या. देवबंदचा माणूस असे कसे बोलतो, असा त्यांचा रोख होता.

मदनींनी खुलासा केला. मी कौम म्हणालो, मिल्लत म्हणालो नाही, आणि हे दोन शब्द एक नाहीत. मिल्लत दीनवर उभी असते. कौम भाषेवर, वंशावर, प्रदेशावर, पेशावर, कशावरही उभी राहू शकते. हा खुलासा पोचल्यावर इक्बाल यांनी मार्च १९३८ मध्ये लाहोरच्या वर्तमानपत्रातून आपला आक्षेप मागे घेतला. २१ एप्रिलला ते वारले. त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या संग्रहात मात्र त्या ओळी तशाच छापल्या गेल्या. आज त्या ओळी पुष्कळांना तोंडपाठ आहेत आणि इक्बालनी आक्षेप मागे घेतला होता हे फार थोड्यांना माहीत आहे. समाजमाध्यमांच्या काळात राहणाऱ्या आपल्याला हे काही नवल वाटायला नको. बातमी पोचते, खुलासा पोचत नाही.

मदनींनी त्याच वर्षी ‘मुत्तहिदा कौमियत और इस्लाम’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्यातले दोन मुद्दे मला महत्त्वाचे वाटतात. पहिला भाषेचा आहे. कुरआनात पैगंबर आपला संदेश नाकारणाऱ्या लोकांनाही ‘माझी कौम’ अशीच हाक मारतात. म्हणजे श्रद्धा वेगळी असली तरी कौम एक असू शकते. दुसरा इतिहासाचा आहे. हिजरतनंतर मदिनेत प्रेषितांनी मुस्लिम आणि यहुदी कबिल्यांमध्ये जो करार घडवून आणला, त्यात शहराच्या रक्षणासाठी आणि आपसातल्या न्यायासाठी सगळे एक मानले गेले आणि आपापला दीन ज्याचा त्याच्याकडे राहिला. एकत्र देश चालवण्याचा हा नमुना आपल्याच परंपरेत आहे, तो बाहेरून आणावा लागत नाही, असे मदनींचे म्हणणे होते. हे सांगणारा माणूस कोणी इंग्रजी शिकलेला बॅरिस्टर नव्हता. पाच वेळचा नमाजी, हदीस शिकवणारा मौलवी होता.

दोन वर्षांनी, मार्च १९४० मध्ये, मौलाना अबुल कलाम आझाद यांनी रामगढच्या काँग्रेस अधिवेशनात अध्यक्षीय भाषण केले. त्याच आठवड्यात लाहोरला मुस्लिम लीग वेगळ्या राज्यांचा ठराव करत होती. आझादांच्या भाषणाचा गाभा असा: मी मुसलमान आहे, इस्लामच्या तेराशे वर्षांच्या वारशातला कणभरही सोडायला मी तयार नाही, आणि मी हिंदी आहे, या देशाच्या एकसंध राष्ट्रीयतेचा मी असा भाग आहे की मला वगळले तर ती इमारत अपुरी राहील. या दोन विधानांच्या मध्ये त्यांनी ‘पण’ घातला नाही, ‘आणि’ घातला. पुढे याच आझादांना इंग्रजांनी आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगरच्या किल्ल्यात १९४२ पासून जवळपास तीन वर्षे ठेवले. त्यांच्या पत्नी तिकडे कोलकात्यात वारल्या तेव्हा ते याच किल्ल्यात कैदी होते. उर्दू गद्यात अभिमानाने घेतले जाणारे ‘गुबार-ए-खातिर’ त्यांनी तिथेच लिहिले.

आता आपल्या भागाकडे येतो. दिल्ली आणि रामगढमधली भाषणे मुरुमच्या मुसलमानांपर्यंत त्या काळी किती पोचली असतील? त्यांच्यापर्यंत पोचत होता दुसराच आवाज. हैदराबादेत १९२७ साली मजलिस इत्तेहादुल मुस्लिमीन स्थापन झाली. १९३८ मध्ये बहादूर यार जंग तिचे अध्यक्ष झाले. त्यांच्या वक्तृत्वाची कीर्ती आजही जुनी माणसे सांगतात. मजलिसची भूमिका ‘अनल मलिक’ या दोन शब्दांत सांगितली जाई. अर्थ, मी राजा आहे. म्हणजे संस्थानाची सत्ता ही मुस्लिम समाजाची, प्रत्येक मुसलमान तिचा वाटेकरी आणि निजाम हे तिचे केवळ प्रतीक.

जरा विचार करा. संस्थानात मुसलमान लोकसंख्येच्या साधारण आठव्या हिश्श्याइतके. त्यांच्यातले बहुतेक आमच्यासारखे: बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार, खाटीक, मुलाणी, शेतमजूर. सावकाराचे देणे फेडता फेडता जन्म जायचा आणि सभेत ऐकायला मिळायचे की तू राजा आहेस. या नशेची किंमत कोण मोजणार, हे कोणी सांगितले नाही. दीनच्या दृष्टीनेही हे विचित्रच होते. खरा मालिक कोण, हे तर मदरशातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण एका घराण्याच्या गादीला इस्लामचे नाव चिकटवले की तिच्यावर प्रश्न विचारणारा आपोआप दीनचा शत्रू ठरतो.

१९४४ मध्ये बहादूर यार जंग वारले आणि १९४६ मध्ये मजलिसची सूत्रे कासिम रझवीच्या हाती गेली. हा रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचे एक उत्तर भूगोलातच आहे. होय, तो इथलाच होता. त्याच्या रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. शेजारच्या बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याचे हत्याकांड आजही लोक विसरलेले नाहीत. त्यांत आमच्यातले लोक होते, हे नाकारून चालणार नाही.

पण आमच्यातल्याच लोकांनी रझाकारांना विरोधही केला, हे मला माझ्या शाळेत कोणी शिकवले नव्हते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेतल्या सात मुस्लिमांनी सहीनिशी एक निवेदन काढले. रझाकार संघटना बरखास्त करा आणि संस्थान भारतात सामील करा, अशी मागणी त्यात होती. सही करणाऱ्यांत नवाब मंझूर यार जंग होते, बाकर अली मिर्झा होते. फरीद मिर्झाही होते. हे नांदेड जिल्ह्यात तहसीलदार होते आणि रझाकारांचे प्रकार पाहून त्यांनी सरकारी नोकरी सोडली होती. ज्या दिवसांत रस्त्यावर भाले आणि बंदुका घेऊन संचलने होत होती, त्या दिवसांत नावानिशी असा कागद काढणे म्हणजे काय, हे आपण घरात बसून समजू शकणार नाही.

शोएबुल्ला खान या तरुण संपादकाने हे निवेदन आपल्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकात छापले. ‘इमरोज’ १९४७ च्या अखेरीस सुरू झाले होते. त्याआधी तो ‘रय्यत’मध्ये काम करत होता आणि ते पत्र निजाम सरकारने बंद पाडले होते. संस्थानातल्या मुसलमानांचे भले भारतात सामील होण्यात आहे, ही गोष्ट शोएबुल्ला मुसलमानांच्याच भाषेत, उर्दूत, रोज लिहीत होता. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री काम संपवून घरी परतताना त्याला गाठून गोळ्या घालण्यात आल्या आणि हात तोडण्यात आला. सोबत असलेला त्याचा मेव्हणाही जबर जखमी झाला. शोएबुल्ला २२ तारखेला गेला. वय २७. पुढच्या महिन्याच्या १७ तारखेला संस्थान भारतात आले. जे व्हावे म्हणून तो लिहीत होता, ते पाहायला त्याला चार आठवडे कमी पडले.

इथे थांबले तर गोष्ट सोपी होते. वाईट मुसलमान, चांगला मुसलमान, आणि आपण चांगल्याच्या बाजूला. माझी १७ सप्टेंबरची भाषणे फार तर इथवर पोचू शकली असती. पण दादी कडब्याच्या गंजीमागे का बसली होती, याचे उत्तर त्यात येत नाही.

सैन्य आल्यानंतर संस्थानाच्या ग्रामीण भागात मुसलमानांवर सूड उगवला गेला. तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्या. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती आली. १९४८ च्या नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरमध्ये ती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे तिने नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. संपूर्ण संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा समितीचा अंदाज होता. लातुरात सुमारे दहा हजार मुसलमान होते, त्यांतले जेमतेम तीन हजार समितीला गावात आढळले. हा अहवाल कित्येक वर्षे सरकारी कपाटात राहिला. रझवी तुरुंगवास भोगून १९५७ मध्ये पाकिस्तानला निघून गेला. त्याने ज्यांना राजा म्हटले होते, ते सगळे इथेच राहिले आणि त्याच्या करणीचा हिशोब चुकवत राहिले.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. जिवावर उदार होऊन मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंद समितीने घेतली आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुस्लिम विणकर भाईंसाठी प्राण दिले. ते वाचताना मला भाकरी आणून देणारी ती लिंगायत बाई आठवली. तिचे नाव कोणत्याही अहवालात येणार नाही, पण तिच्यासारख्यांची दखल घेतली गेली, याचे बरे वाटले.

या समितीतले काझी अब्दुल गफ्फार मला विशेष जवळचे वाटतात. उर्दूचे विद्यार्थी त्यांना ‘लैला के खुतूत’चे लेखक म्हणून ओळखतात. हैदराबादेत ते ‘पयाम’ हे दैनिक चालवत होते. विचाराने राष्ट्रवादी, मजलिसच्या राजकारणाच्या विरोधातले. रझाकारांच्या धर्मांध राजकारणाला विरोध करणारा हाच माणूस १९४८ च्या डिसेंबरात गावोगाव फिरून मुसलमानांच्या विधवांच्या कहाण्या लिहून घेत होता. ‘आम्ही आधीच सांगितले होते’ असे म्हणून तो घरी बसला नाही. आणि मुसलमानांवर अन्याय झाला म्हणून कालचे रझाकार त्याच्यासाठी निर्दोषही झाले नाहीत.

इथे मला आपल्या धर्मग्रंथातल्या एका शब्दाकडे यावेसे वाटते. सूरह बकरामध्ये मुस्लिमांना ‘वसत’ उम्मत म्हटले आहे. वसत म्हणजे मधला. आजकाल ‘मध्यममार्गी मुसलमान’ हा शब्द फार ऐकू येतो आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा थोडा कमी मुसलमान, कोणाला न टोचणारा मुसलमान असा घेतला जातो. जुन्या मुफस्सिरांनी वसतचा अर्थ ‘अद्ल’, म्हणजे न्याय, असा केला आहे. तराजूचा काटा मध्ये असतो, त्या अर्थाने मधला. आणि त्याच आयतीत या उम्मतीवर एक कामही सोपवले आहे, लोकांसमोर साक्षीदार होण्याचे. सूरह निसामध्ये तर साक्ष कशी द्यायची तेही सांगितले आहे: न्यायाने द्या, मग ती स्वतःच्या, आईबापांच्या, नातलगांच्या विरोधात का जाईना.

या अर्थाने पाहिले तर शोएबुल्लाने आपल्याच लोकांविरुद्ध साक्ष दिली आणि तो वसत होता. काझी अब्दुल गफ्फार यांनी आपल्या लोकांवर झालेल्या अन्यायाची साक्ष दिली आणि तेही वसतच होते. दोन्ही साक्षी मिळून १९४८ पूर्ण होते. आम्ही मराठवाड्यातले लोक मात्र त्या वाटून घेतल्या. एकाने रझाकारांचे अत्याचार ठेवून घेतले, दुसऱ्याने पुलिस अॅक्शनचे. दोघांचेही खरे आहे आणि दोघांकडेही अर्धेच आहे.

मदनी आणि आझादांनी सगळे प्रश्न सोडवले, असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांना खोलवर आक्षेप घेणारे आपल्या मराठीतच झाले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्याआधी, एप्रिल १९६६ मध्ये, सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला होता. राष्ट्रवादी म्हणवणाऱ्या मुस्लिम नेतृत्वावर त्यांची टीका कठोर होती. मला ती अशी समजते: दोन धर्मगटांनी करार करून एकत्र नांदायचे ठरवले, तर त्या करारावर सही करणारे मौलवीच असतात. मग घरातल्या स्त्रीचा हक्क कुठे लिहायचा? मदनींच्या मदिनेच्या दाखल्यापुढे हा प्रश्न खरोखर उभा राहतो, आणि ‘दलवाई आपला नव्हताच’ म्हणून तो टाळता येत नाही. माझ्या वर्गातल्या मुलींकडे बघून तर मुळीच नाही.

दुसरे सोलापूरचे फकरुद्दीन बेन्नूर सर. राज्यशास्त्राचे प्राध्यापक, मुस्लिम मराठी साहित्य चळवळीचे एक प्रमुख शिल्पकार. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापुरात झाले, त्यामागे त्यांचे श्रम होते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. भारतीय मुस्लिम राजकीय विचारवंतांवर त्यांनी मराठीत जे काम केले, त्यामुळे माझ्यासारख्या कितीतरी शिक्षकांना हे वाद आपल्या भाषेत वाचता आले. त्यांना दलवाईंची मांडणी पुरेशी वाटत नव्हती. मुसलमान म्हणजे फक्त धर्म नव्हे. तो बागवान आहे, पिंजारी आहे, त्याची बोली आहे, त्याचा प्रदेश आहे, त्याची गरिबी आहे. हे सगळे पुसून त्याला निव्वळ ‘मुसलमान’ करणारे दोन्हीकडे आहेत, एक हिंदुत्वाच्या नावाने आणि दुसरे जमातवादाच्या नावाने. बेन्नूर सरांच्या लेखनातून मी हे शिकलो आणि मग मला ‘अनल मलिक’चा खोटेपणा खरा कळला. त्या घोषणेने पिंजाऱ्याचा पिंजारीपणा काढून घेतला होता आणि बदल्यात न मिळणारी गादी दिली होती.

पुन्हा शब्दांकडे येऊन थांबतो. उर्दूत वतन म्हणजे मायदेश. मराठीत मात्र ‘वतन’ म्हटले की जुन्या माणसाला पाटलाचे, कुलकर्ण्याचे वतन आठवते. तोच अरबी शब्द मराठीत येऊन गावगाड्यात रुजला. वतन म्हणजे गावासाठी करायचे काम आणि त्या कामाबद्दल गावाच्या उत्पन्नात असलेला वंशपरंपरागत हक्क. बलुतेदारांच्या यादीत अनेक गावी मुलाणी असायचा. मशिदीची देखभाल त्याच्याकडे, आणि बकरे कापायचे तर कलमा पढायला तोच लागायचा, मग बकरे पाटलाचे का असेना. खळ्यावर त्याचे बलुते ठरलेले असायचे. गावगाड्यात जातीचा अन्याय होता, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण एक गोष्ट त्यात होती. बलुते मागायला आलेल्या मुलाण्याला ‘तू या गावचा कशावरून?’ असे खळ्यावर कोणी विचारत नसे. काम केले आहे, वाटा आहे, विषय संपला.

मदनींनी कौम वतनावर उभी केली तेव्हा त्यांच्या मनात उर्दूतला अर्थ होता. मला त्याला हा मराठी अर्थही जोडावासा वाटतो. या भूमीवरचा आमचा हक्क कोणाच्या प्रमाणपत्राने आलेला नाही आणि निजामाच्या गादीनेही आलेला नाही. पिढ्यान्पिढ्या इथे कापूस पिंजला, फळे विकली, शेते राबली, शाळा शिकवल्या, त्यातून तो आला आहे. असा हक्क असलेल्या माणसाला १७ सप्टेंबरला आवाज चढवायची गरज नसते. आणि आपल्यातल्यांनी केलेल्या पापाची कबुली द्यायलाही त्याला भीती वाटत नाही, कारण त्या कबुलीने त्याचा वाटा कमी होत नाही.

मी त्या मुलाला उत्तर दिले, पण तीन आठवड्यांनी. वर्गात फळ्यावर शब्दार्थ लिहीत होतो: कौम, मिल्लत, वतन. मग खडू ठेवला आणि सांगितले, “त्या दिवशी तुमच्यातल्या एकाने मला एक प्रश्न विचारला होता. रझाकार आपल्यातलेच होते. त्यांच्याविरुद्ध लिहिले म्हणून ज्याचा हात तोडला, तो शोएबुल्लाही आपल्यातलाच होता. आणि माझ्या दादीला भाकरी देणारी बाई, तीही आपल्यातलीच.” वर्ग शांत होता. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “पर सर, वो तो लिंगायत थी ना?”

मी फळ्यावरच्या ‘कौम’ या शब्दावर बोट ठेवले आणि मौलाना मदनींची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. तास संपेपर्यंत ती अर्धीच झाली होती. या १७ सप्टेंबरला मैदानावर तीच गोष्ट पुढे न्यायची असे ठरवले आहे. सहकारी सरांना सांगितले, तुमच्या आजोबांच्या दाराची गोष्ट तुम्ही बोला, माझ्या दादीची मी बोलतो. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आधी तुम्ही बोला, मग मी बोलेन.” मी म्हटले, नको, आधी दाराचीच गोष्ट होऊ द्या. कालक्रमाने तीच आधी येते.